आदेश कोणाचा?

आमचे पणजोबा होळकर दरबारच्या दफ्तरात कारकून होते. पत्राच्या माथ्यावरील शिक्का ते पत्र कोणाचे हे सांगे, आणि शेवटचे 'मोर्तब सुद' उमटले की त्यापुढे कोणास काही वाढविता येत नसे. ही माहिती घरात पिढीजात होती. तिचे मोल मात्र आम्हांला नोकरीच्या उत्तरार्धात कळले.

२०११ साली आम्ही भोपाळच्या एका सरकारी कार्यालयात होतो. पंधरा जिल्ह्यांत सर्व्हर होते. प्रत्येकावर टॉमकॅट व त्यावर दाखल्यांचे वेब ॲप्लिकेशन. सर्वांची देखभाल भोपाळहून एसएसएचद्वारे चाले. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीस गेले, तेव्हा तेथील तातू इलोनेन यांनी १९९५ साली हे साधन रचले. तत्पूर्वीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच प्रवास करी. आमच्याकडील एका कंत्राटी तरुणाने त्यावर छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. आज्ञा एकदा द्यावी, ती पंधराही ठिकाणी एकाच वेळी चालावी.

एका सायंकाळी फायरवॉलचे नियम बदलावयाचे होते. "साहेब, आधी एका सर्व्हरवर करून पाहू," तो म्हणाला. वरून तगादा होता. आम्ही फोनवर सांगितले, "आजच, सगळीकडे!" घाईत नियमांचा क्रम चुकला. फायरवॉलमध्ये वरचा नियम आधी लागतो, आणि 'सर्वांस मज्जाव' ही ओळ सर्वांत वर गेली. क्षणार्धात पंधराही दारे बंद झाली. ती उघडण्यास आत जावे, तर वाट त्याच दारातून! जिल्ह्यांत हे काम जाणणारे कोणी नव्हते. झाबुआपासून बालाघाटपर्यंत माणसे बसने, जीपने धाडावी लागली. दाखल्यांच्या खिडक्यांपुढे लोक तीन दिवस खोळंबले.

चौकशीत यंत्रांतील नोंदी पाहिल्या, तो सर्वत्र एकच नाव: 'रूट'. एकच पासवर्ड सारे वापरीत. आज्ञा कोणी चालविली हे यंत्र सांगेना; ती कोणी चालवावयास लावली, हे तर ते सांगणारच नव्हते. स्क्रिप्ट त्याची, म्हणून दोष त्याचा ठरला. त्याचे कंत्राट पुढे वाढविले गेले नाही. आम्हांस कोणी विचारले नाही, आणि आम्ही आपण होऊन बोललो नाही.

पुढे आम्ही नवे साधन करविले. प्रत्येकाची किल्ली स्वतंत्र. बदल प्रथम एकाच सर्व्हरवर, मग इतरांवर. फायरवॉल बदलल्यावर दहा मिनिटांत पुन्हा आत शिरून 'ठीक' असे न कळविल्यास जुने नियम आपोआप परत. यांतील पहिल्या दोन सूचना त्या तरुणाच्या जुन्या टिपणात होत्या. ते टिपण आमच्याच कपाटात निघाले. आम्ही आपला केवळ एक रकाना घातला: 'आदेश कोणाचा?' तो रिकामा असेल तर आज्ञा पुढे सरकत नसे.

त्या रकान्यात आम्ही पुढे अनेकदा आपले नाव लिहिले. ज्या एका सायंकाळच्या आज्ञेपुढे ते लिहावयास हवे होते, तेथे ते आजही नाही. वाचकहो, निदान येथे तरी ते लिहून ठेवतो. तो आदेश आमचा होता.