रणातून सागराकडे

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो असे वडील माणसे सांगतात. ते शहाणपण किती कोस चाललो यावरून मोजू नये. घरी परत आल्यावर नित्य परिचयाची कोणती वस्तू निराळी दिसू लागली, यावरून मोजावे असे मला वाटते. गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या शाळेतील बत्तीस विद्यार्थी व तीन शिक्षक कच्छचे रण पाहून मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन आले. त्या चार दिवसांनंतर मला आमच्या शेतातली विहीर निराळी दिसू लागली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शिरपुराहून आम्ही मोटारीने सुरतेस आलो. तेथे पुलावरून तापीचे दर्शन घडले. आपल्या गावाजवळून वाहणारी ही नदी समुद्राच्या इतक्या समीप येऊन पोहोचलेली पाहून आम्हांस माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. रात्रीच्या आगगाडीने निघून सकाळी भुजेस उतरलो. कच्छ हा क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा विस्तार ४५,६७४ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस खारे रण, दक्षिणेस समुद्र, आणि मधल्या भूमीत गोड्या पाण्याची सदाची ओढ.

भूज शहर म्हटले की २६ जानेवारी २००१ चा भूकंप आठवतो. त्यात सुमारे वीस हजार माणसे मृत्यू पावली. भुजिया डोंगरावर त्यांच्या स्मरणार्थ 'स्मृतिवन' उभारले असून २०२२ साली ते लोकांस खुले झाले. डोंगरउतारावर पाणी अडविणारी कुंडे बांधली आहेत व त्यांच्या भिंतींवर मृतांची नावे लिहिली आहेत. पाऊस पडला म्हणजे त्या नावांशेजारी पाणी साठते. आम्ही मुले तेथे एरवीची गडबड विसरून गेलो.

भुजेस आम्हांला आमचे वाटाडे भेटले. ते बन्नी प्रदेशातील वृद्ध मालधारी, म्हणजे गुरे पाळणारे गृहस्थ. डोक्यास फेटा, खांद्यावर अजरखाचे वस्त्र, बोलणे मोजके. आम्ही त्यांस 'चाचा' म्हणू लागलो. कर्कवृत्ताची पाटी मागे टाकून आम्ही उत्तरेस निघालो तेव्हा दोन्ही बाजूंस काटेरी झुडपांचे रान लागले. "हा गांडो बावळ," चाचा म्हणाले. आपल्याकडील वेडी बाभूळच ती! खारवट जमीन पुढे सरकू नये म्हणून ती लावली. पुढे तिनेच गवताची कुरणे गिळली.

दुपारी चाचांनी आम्हांला एका सखल मैदानात नेले. तेथे पुरुषभर खोल असे काही खड्डे होते. कडा ढासळू नयेत म्हणून आत लाकडांची चौकट व गवत बसविले होते. त्यास 'विरडा' म्हणतात. बन्नीत जमिनीखालचे पाणी खारे आहे. पावसाचे पाणी सखल जागी मुरते व गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्याच्या वर तरंगत राहते. दुधावर साय असावी तसा तो थर असतो. मालधारी तेवढाच हळूहळू उपसतात. अधिक उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. मग तो विरडा सोडून दुसऱ्याकडे वळावे लागते. चाचांनी ओंजळभर पाणी प्रथम स्वतः चाखले, मग आम्हांस दिले. ते किंचित मचूळ, पण थंडगार होते.

"जीभ सांगते, आता पुरे," चाचा म्हणाले. मग त्यांनी मला विचारले, "तुमच्या विहिरीत थांबायची खूण कोणती?"

मला उत्तर सुचले नाही. आमच्या विहिरीचे पाणी पहिल्या घागरीपासून शेवटच्या घागरीपर्यंत गोडच असते. पंप कोरडा ओढू लागला की पाणी संपल्याचे कळते, त्याआधी कोणी सांगत नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात नवी नवरी म्हणून या घरी आली. त्या उन्हाळ्यात रात्री विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरावे लागे, असे ती सांगते. पुढे २००४ पासून आमच्या तालुक्यात भूजलशास्त्रज्ञ श्री. सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून बंधारे बांधण्यात आले. 'शिरपूर पॅटर्न' या नावाने ते काम प्रसिद्ध आहे. मी विहिरीत पाणी असलेलेच पाहिले. म्हणूनच तो प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या रात्री आम्ही 'भुंगा' नावाच्या वर्तुळाकार झोपड्यांत निजलो. असली पुष्कळ घरे २००१ च्या भूकंपातही उभी राहिली, कारण गोल भिंत हादरा सर्व बाजूंस वाटून घेते. पहाटे धोरडोजवळ पांढरे रण पाहिले. पावसाळ्यात येथे समुद्राचे व नद्यांचे पाणी पसरते आणि हिवाळ्यात ते आटून मिठाचा थर उरतो. क्षितिजापर्यंत शुभ्रता, पायांखाली कुरकुर आवाज, आणि पक्षीही नाही. रविवार असल्यामुळे आमच्या गुरुजींनी तेथेच छोटी उपासना घेतली व शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. थोड्या अंतरावर चाचांनी आपला नमाज केला. दुपारी ४६२ मीटर उंचीच्या काळ्या डुंगरावर दत्तात्रेयाचे मंदिर पाहिले. तेथे कोल्ह्यांना प्रसाद घालण्याची परंपरा आहे.

तिसऱ्या दिवशी रणामधून जाणाऱ्या सरळ रस्त्याने खडीर बेटावर धोलावीरा गाठले. सिंधू संस्कृतीचे हे नगर इसवी सनापूर्वी सुमारे ३००० ते १५०० या काळातील असून २०२१ साली ते जागतिक वारसा ठरले. मनहर व मनसर या दोन पावसाळी ओढ्यांवर बांध घालून तेथील लोकांनी पाणी वळविले आणि नगराभोवती दगडी तलावांची माळ रचली. पायऱ्या उतरून एका तलावाच्या तळाशी उभे राहिलो तेव्हा आपल्याकडील नाल्यावरचे बंधारे आठवले. एवढे शहाणे नगरही अखेर ओसाड पडले. हवामान कोरडे होत गेले, हे त्याचे एक कारण अनेक संशोधक देतात. बांध घालणे मनुष्याच्या हाती आहे. पाऊस पाडणे नाही. मग साठलेले जपून वापरणे एवढेच उरते.

चौथ्या दिवशी दिवसभर प्रवास करून सायंकाळी मांडवीस आलो. १५८० साली राव खेंगारजी पहिले यांनी वसविलेल्या या बंदरात रुक्मावती नदीच्या काठी आजही लाकडी गलबते बांधतात. त्यांचे उंच सांगाडे रस्त्यावरूनच दिसतात. श्यामजी कृष्ण वर्मा यांचा जन्म १८५७ साली येथेच झाला. त्यांच्यामार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर १९०६ साली सावरकर लंडनला गेले. श्यामजींच्या अस्थी २००३ साली मायदेशी आल्या.

समुद्र दिसताच मुले धावत सुटली. आमच्यापैकी पुष्कळांनी तो पहिल्यानेच पाहिला. मी एक थेंब जिभेवर ठेवला. चव रणातल्या मिठाचीच होती. चाचा वाळूत बसून हसत म्हणाले, "एवढे पाणी, आणि तहान लागली तर विरड्यावरच जावे लागते!" तेथूनच त्यांनी आमचा निरोप घेतला.

बालमित्रहो, सहलीहून मी शंखशिंपले आणले, ते धाकट्या बहिणीने वाटून टाकले. चाचांचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. वडिलांशी बोलून मी एक दोर घेतला व त्यास हात-हात अंतरावर गाठी मारल्या. दर अमावास्येस तो विहिरीत सोडून पाणी किती गाठींवर आहे ते मी वहीत लिहितो. माघातल्यापेक्षा फाल्गुनात पाणी तीन गाठी खाली गेले. तो आकडा पाहून वडिलांनी केळीच्या नव्या लागवडीचा बेत अर्ध्यावर आणला. आमच्या विहिरीचे पाणी खारट होऊन आम्हांस कधी सावध करणार नाही. म्हणून ते काम त्या गाठींनी करावयाचे. आपणांपैकी ज्यांच्या घरी विहीर असेल, त्यांनीही असा एक दोर करावा. त्यास दमडीचा खर्च नाही.