दुकान कुठे असावं?

केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर बाबांना चहाचा वाससुद्धा सहन होईना. पुण्याहून लोणावळा लोकलने परतताना ते प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून बसायचे. कामशेत यायच्या आत ती एकदा तरी लागायचीच.

त्याच आठवड्यात मॅसॅच्युसेट्सहून ताईचा, म्हणजे माझ्या आत्तेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. "मामाला गांजाचं औषध का देत नाही तुम्ही? इथे दुकानात मिळतं." आई शेजारी मेथी निवडत होती. तिने माझ्या हातातला फोन घेऊन पालथा ठेवला.

आम्ही भांगरवाडीत राहतो. (नावावरचे विनोद शाळेतच ऐकून झालेत.) रात्री मी पांघरुणात फोन घेऊन वाचत बसले. १९८५ साली अमेरिकेत गांजातलंच द्रव्य प्रयोगशाळेत बनवून केमोच्या उलट्यांवरची गोळी म्हणून मान्य झालं. त्याच वर्षी आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. एकच झाड, एकच वर्ष. तिकडे औषध, इकडे गुन्हा.

पुढे वाचलं तर गोष्ट आणखी गमतीची. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत. मात्र पानांची भांग महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात येते. आणि हीच पानं आयुर्वेदात 'विजया' होतात. परवाना घेऊन त्यांची औषधं बनतात, लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना असते. म्हणजे बाटलीत काय आहे यापेक्षा ते झाडाच्या कुठल्या भागातून आलं, हे महत्त्वाचं. बाबांच्या पोटाला हे कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी ताईला गुपचूप फोन केला. ती म्हणाली, "अगं, आमच्या गावात ते दुकान येणार होतं तेव्हा मीच विरोधात बोलले होते." तिच्या राज्याने २०१२ साली मतदान घेऊन औषधी गांजाला परवानगी दिली. पण दुकान गावात कुठे असावं, यात गावाचं म्हणणं चालतं. शाळेपासून पाचशे फूट लांब, हा तिथला ठरलेला नियम. ताईने सभेत उभं राहून मुलांचा मुद्दा मांडला. तिच्यानंतर एक आजारी बाई बोलायला उठल्या. दुकान झालं, शाळेपासून लांब. ताई आता त्या बाईंना घरी जेवायला बोलावते.

आपल्याला हे जमत नाही असं नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायला बंदी केली, तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवरही अंतराचे हिशेब चालायचे. प्रभागातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. दारूबद्दल आपण गावात उघड भांडतो. या औषधाबद्दल भांडायला जागाच नाही. नगरपरिषदेत जाऊन मी काय विचारणार होते? विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत भांगरवाडीभर 'अमक्याची मुलगी गांजा मागते' झालं असतं.

शेवटी बाबांच्या डॉक्टरांनाच विचारलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आधी उलटीच्या गोळ्या बदलून बघू. आणि मला न विचारता कुठून काही मागवू नका." गोळ्या बदलल्या. थोडा फरक पडला. चौथ्या फेरीनंतर बाबांनी मळवलीच्या पुढे चिक्कीचा एक तुकडा मागितला आणि अर्धा खाल्ला.

विजया आम्ही घेतली नाही. ती उपयोगी पडली असती की नाही, मला माहीत नाही. पण डॉक्टरांना ते दार लोटावं लागलं, हे अजून डोक्यातून जात नाही. आमच्या गावात अशी सभा व्हावी असं वाटतं. आईने विरोधात बोलावं, मी तिच्यानंतर उठावं, आणि मग दोघींनी एकाच रिक्षाने घरी यावं.