'अशी मार' म्हणजे कशी?

आंधळी कोशिंबीर हा डोळसांनी डोळसांसाठी रचलेला खेळ आहे. राज्य घेणाऱ्याला डोळ्यांवरची पट्टी केव्हाही सोडता येते, म्हणूनच त्याच्या चाचपडण्याचे हसू येते. ज्या मुलाची पट्टी कधीच सुटणार नाही, ते धावते कसे, उडी कशी मारते, हे मोजायची वेळ आली की आपली भाषाच चाचपडू लागते. आम्ही दोघे हिंगोलीत मराठी शिकवतो. शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण या मोजमापात भाषेचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोठ्या स्नायूंच्या हालचालींना शिक्षणशास्त्रात 'स्थूल कारक कौशल्ये' म्हणतात. ती तपासणारी डेल उलरिक यांची चाचणी १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत धावणे, लंगडी, उडी, चेंडू झेलणे अशी तेरा कौशल्ये आहेत. परीक्षक कृती करून दाखवतो, मग मूल ती करते. सारी मेख त्या 'दाखवतो'मध्ये आहे.

नरसी नामदेवच्या बाजूच्या एका खेड्यात परिचित शिक्षिकेसोबत गेलो असताना हे प्रत्यक्ष अनुभवले. आठेक वर्षांची, जन्मांध मुलगी. तिला सांगण्यात आले, "बाळ, लंगडी घाल. अशी, हे बघ." ती नुसती उभी राहिली. कागदावर 'जमत नाही' असे उमटणार, तोच शिक्षिका थांबल्या. त्यांनी वर्गातल्या एका मुलीला लंगडी घालायला लावली आणि हिचा एक हात तिच्या कमरेवर, दुसरा तिच्या मुडपलेल्या गुडघ्यावर ठेवला. मग शब्द आले: डावा पाय गुडघ्यात मुडप, टाच मागे ने, उजव्या पायाच्या चवड्यावर उसळ, त्याच पायावर उतर. तिसऱ्या प्रयत्नात ती दोनदा उसळली, आणि "अजून घालू का बाई?" म्हणाली.

सेल्मा फ्रायबर्ग यांनी 'इनसाइट्स फ्रॉम द ब्लाइंड' (१९७७) या ग्रंथात जन्मांध अर्भकांविषयी नोंदवले आहे, की ती बसतात, उभी राहतात साधारण वेळेवरच. रांगणे आणि चालणे मात्र लांबते. समोर दिसणारे खेळणे डोळस बाळाला पुढे ओढते. नुसता आवाज ऐकून त्या दिशेने हात पुढे करणे अंध बाळाला पहिल्या वर्षाच्या अखेरीस साधते. उणीव स्नायूंची नसते, आमंत्रणाची असते.

अर्थात सारेच शब्दांनी भरून निघते असे नाही. वाचकांनी डोळे मिटून एका पायावर उभे राहून पाहावे. तोल राखण्यात दृष्टीचा वाटा किती, ते क्षणात कळेल. म्हणूनच तपासणी हवी. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी २०१० साली याच चाचणीची दुसरी आवृत्ती दृष्टिबाधित मुलांबाबत पडताळली आणि ती वापरण्याजोगी ठरवली. चाचणी टाकून द्यायची नाही. सूचना शब्दांनी, स्पर्शाने, ठळक रंगाच्या किंवा वाजणाऱ्या चेंडूने पोहोचवायची आहे. जे समजूनही जमले नाही आणि जे समजलेच नाही, या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या आहेत.

कारण एका चुकीच्या नोंदीचे परिणाम दूरवर जातात. 'जमत नाही' असे लिहिलेले मूल खेळाच्या तासाला लिंबाखाली बसते आणि इतरांची दप्तरे राखते. न वापरलेले अंग हळूहळू खरेच आखडते, आणि कागदावरचे वाक्य काही वर्षांनी खरे ठरते.

रांगणे, सरपटणे, दुडदुडणे, उसळणे, ढांगा टाकणे: मराठीत चालीचे शब्द थोडे नाहीत. तरी आपण 'असे' आणि 'तसे' यांवरच भागवतो, कारण समोरच्याला दिसते असे गृहीत धरतो. पुढच्या वेळी कुणा मुलाला 'असं कर' म्हणण्याआधी शिक्षकाने स्वतः डोळे मिटून ते वाक्य एकदा ऐकावे. त्यातून काहीच समजत नसेल, तर नापास मूल झालेले नाही. वाक्य झालेले आहे.