जुन्या मारुतीचे पुढचे स्ट्रट

मारुती ८००चे पुढचे प्रत्येक चाक एका उभ्या स्ट्रटने वरून धरलेले असते. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत होती; १९८३मध्ये आलेल्या ८००नेही तीच घेतली. यात शॉकॲब्सॉर्बर हादरे शमवतो आणि चाकाला दिशाही देतो. म्हणून तो झिजला की बसणाऱ्याच्या पाठीआधी स्टीअरिंग आणि ब्रेक तक्रार करू लागतात.

बॉनेट दाबून सोडल्यावर गाडीचे नाक वर येऊन स्थिरावले पाहिजे. ते डोलत राहिले, नळीवर तेल ओघळलेले दिसले किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला, तर स्ट्रट संपला. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाजली, तर दोष बहुधा माथ्यावरच्या बेअरिंगचा असतो. नवा स्ट्रट घालून जुनेच माउंट आणि बेअरिंग बसवणे ही खोटी काटकसर आहे. तेच काम पुन्हा उघडावे लागते. बदल नेहमी दोन्ही बाजूंचा करावा.

गाडी जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर घ्यावी. ब्रेकची होज स्ट्रटवरून सोडवावी. नकलचे (हबला स्ट्रटशी जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट काढल्यावर हब तारेने बांधावा; तो लोंबकळला तर होज ताणली जाते आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. बॉनेटखालचे नट शेवटी, स्ट्रट खालून हाताने धरूनच काढावेत.

सर्वांत जास्त सावधपणा स्प्रिंगपाशी लागतो. ती दाबलेल्या अवस्थेत असते. तिला दाबून धरणारे दोन्ही बाजूंचे क्लॅम्प आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि स्प्रिंग आपल्या बैठकीवर सैल झाल्याशिवाय स्ट्रटच्या दांड्याच्या मधल्या नटाला पाना लावूच नये. घाईत सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. दांडा पकडीने धरण्याची सवयही वाईट: क्रोमवर पडलेला एक ओरखडा तेलाचे सील कापत राहतो आणि नवा स्ट्रट काही दिवसांत गळू लागतो.

आडवा ठेवलेला नवा तेलाचा स्ट्रट उभा धरून दांडा काही वेळा पूर्ण खालीवर करावा, म्हणजे आतली हवा निघून दाब सलग लागतो. स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीच्या पायरीला नीट टेकले पाहिजे. जुनी स्प्रिंग खचली असेल तर नव्या स्ट्रटनेही गाडीची उंची परत येत नाही, म्हणून दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून मापाव्यात.

बोल्ट आवळताना दुरुस्ती-पुस्तिकेतले टॉर्क पाळावेत. लोअर आर्मचे रबरी बुश सोडले असतील तर ते चाके जमिनीवर टेकल्यावरच पक्के करावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून फाटते. नकलच्या भोकांतल्या जराशा ढिलाईनेही चाकाचा कल बदलतो. म्हणून गाडी रस्त्यावर नेण्याआधी अलाइनमेंट करून घ्यावे.