झील धरणारी माणसं

1955 साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली, तेव्हा भारतातून गेलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तिथं खंजिरीवर भजन म्हटलं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेला, जेमतेम काही इयत्ता शिकलेला हा माणूस. त्याआधी 1936 साली महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं होतं. दिल्लीत राष्ट्रपती भवनात डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांचं भजन ऐकलं आणि त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटलं. लाकडी कडं, एका बाजूनं ताणलेलं चामडं, कडेला झांजा, एवढ्या साध्या वाद्यानं केलेला हा प्रवास आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातल्या भजन मंडळांना तो परका वाटत नाही. महाराजांनी तरुणपणी चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या जंगलात साधना केली. 16 ऑगस्ट 1942 रोजी ‘चले जाव’ चळवळीत चिमूर पेटलं, त्यामागे त्यांच्या भजनांनी चेतवलेली माणसं होती. त्याच महिन्यात त्यांना चंद्रपुरात अटक झाली आणि पुढे नागपूर, रायपूरचा तुरुंग घडला. भजनासाठी तुरुंगात जावं लागतं, हे आमच्या आजोबांच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं.

मी अशाच एका मंडळात झील धरतो. मुख्य गायक ओळ म्हणतो, ती उचलून मागून म्हणायची, हे झीलकऱ्याचं काम. पुढे बसणाऱ्याचं नाव होतं, पण झील ढिली पडली की भजन बसतं. मंडळातले गायक-वादक म्हणजे धानाचे शेतकरी, एक शिंपी, एक निवृत्त गुरुजी, दोन अंगणवाडी सेविका आणि महाविद्यालयात शिकणारी काही पोरं-पोरी. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. एखाद-दुसरा नसला तरी ती होते, पाऊस असला तरी होते. मंडळातली ज्येष्ठ माणसं नव्या पोरांना आधी या प्रार्थनेत बसवतात, खंजिरी हाती द्यायची गोष्ट फार नंतरची. मला हा क्रम योग्य वाटतो. नित्याच्या प्रार्थनेला पहिला मान, हे दूरच्या केंब्रिजलाही दिसतं. तिथल्या किंग्ज कॉलेजचा गायकवृंद 1441 पासूनचा. नाताळच्या आदल्या दिवशी ते गातात ती प्रार्थना 1928 पासून रेडिओवरून जगभर पोहोचली, त्यांचे परदेश दौरेही होतात. पण त्या गायकवृंदाचं मूळ काम सत्र चालू असताना आपल्या प्रार्थनागृहातल्या नित्याच्या उपासनेत गाणं, हेच राहिलं आहे.

मंडळाच्या दौऱ्याचा हंगाम धानावर ठरतो. रोवणा चालू असताना कुणाला उसंत नसते. धान कापून, चुरून घरात आलं की गावोगावचे निरोप येऊ लागतात. पुण्यतिथी महोत्सव, सप्ताह, कुठं नव्या प्रार्थना मंदिराचं उद्घाटन. मग पेटी, तबला, टाळ आणि खंजिऱ्या भाड्याच्या गाडीत चढतात, भगव्या टोप्या डोक्यावर येतात आणि मंडळ निघतं. मानधनाचा आकडा आधी ठरवत नाहीत. गाव डिझेलचं बघतं आणि जेवायला घालतं.

गावात पोचल्यावर भजनाला लगेच सुरुवात होत नाही. पाहुण्यांच्या हाती आधी झाडू येतो. पहाटे सामुदायिक ध्यान, मग ग्रामसफाई, मग रामधून. रस्त्यांवर सडा-रांगोळी पडलेली असते आणि प्रत्येक दारातून एकेक माणूस रामधुनीत सामील होत जातो. रात्रीच्या भजनाची मंडपातली अर्धी तयारी या फेरीतच होऊन जाते, कारण ज्यांच्या अंगणापुढून सकाळी चाललो तेच रात्री समोर बसतात. थंडीत दवानं खंजिरीचं चामडं सैल पडतं, आवाज बद्द येतो. म्हणून वादक मध्येच उठून शेकोटीवर ती शेकून आणतात. हल्ली फायबरच्या खंजिऱ्या मिळतात, त्यांना हा त्रास नाही. तरी जुने वादक चामड्याचीच धरतात. दुसऱ्या दिवशी गोपालकाला आणि महाप्रसाद. भात, वरण, वांगी-आलूची भाजी. पंगतीत वाढायलाही मंडळातले लोक उभे राहतात.

सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकाच वेळी वाजवत कीर्तन करतात, हुंड्यावर, दारूवर बोलतात, हे विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं कीर्तन ऐकून आमच्या मंडळातल्या पोरांनीही दोन-दोन खंजिऱ्या लावून पाहिल्या. गुरुजींनी त्यांना अडवलं नाही. फक्त शब्द ऐकू आले पाहिजेत, एवढंच सांगितलं.

दौऱ्यातल्या दोन जागा मला विशेष वाटतात.

पहिली बंगाली गावांची. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेली हजारो कुटुंबं गडचिरोली जिल्ह्यात वसवली गेली, त्यांची गावं चामोर्शी तालुक्यातही आहेत. तिथं मंडळ गेलं तेव्हा आमचं भजन संपल्यावर त्यांनी खोल हे तालवाद्य आणि करताल काढली आणि हरिनामाचं कीर्तन सुरू केलं. लय हळूहळू चढत गेली, माणसं उभी राहून नाचू लागली. आमच्या तबलजीला काही वेळ ठेका सापडेना. तो नुसता ऐकत बसला आणि मग हलक्या हातानं साथीला लागला. मुलूख सोडताना घरदार मागं ठेवून आलेल्या या लोकांनी कीर्तन मात्र सोबत आणलं होतं.

दुसरी जागा पूर्वेकडच्या गोंड, माडिया वस्त्यांची. तिथं म्हाताऱ्या माणसांना आमची मराठी पुरती कळत नाही, हिंदी भजनही नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरचे शांत बसून होते. मंडळातल्या एका महाविद्यालयीन मुलीनं, जी स्वतः गोंडी बोलते, प्रत्येक भजनाआधी त्याचा अर्थ गोंडीत सांगायला सुरुवात केली. पालुपद ते लोक म्हणू लागले. भजन झाल्यावर तरुण मुलामुलींनी हातात हात घालून रेला हा नाच धरला आणि आता पाहुणे श्रोते झाले. गावाला काही शिकवायला जातोय अशा भावनेनं निघालेलं मंडळ तिथून ऐकून परतलं. दौऱ्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा लाभ हाच आहे.

वर्षातली लांबची वाट मोझरीची, महाराजांच्या गुरुकुंज आश्रमाची. हरणघाटावर वैनगंगा ओलांडून मूल, नागभीड, उमरेड, नागपूर आणि तिथून अमरावतीच्या रस्त्यावर गुरुकुंज. 11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराजांचं निधन झालं. पुण्यतिथी महोत्सवात त्याच घडीला, 4 वाजून 58 मिनिटांनी, लाखो माणसं जागच्या जागी मौन उभी राहतात. रात्रभर मात्र दूरदूरच्या मंडळांची भजनं चालू असतात. चामोर्शीचं मंडळ तिथं अगणितांतलं एक. पण पोरांना तिथं कळतं की आपण म्हणतो तीच प्रार्थना त्याच चालीत एवढा मुलूख म्हणतो.

गाण्याच्या दौऱ्यानं काय उभं राहू शकतं याचा दाखला अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाचा आहे. गुलामीतून सुटलेल्यांसाठी 1866 साली नॅशव्हिलमध्ये काढलेली ही संस्था पाचच वर्षांत पैशांअभावी बंद पडायला आली. तेव्हा 6 ऑक्टोबर 1871 रोजी तिथले नऊ विद्यार्थी-गायक दौऱ्यावर निघाले. आपल्या आईबापांनी गुलामीत म्हटलेली भक्तिगीतं त्यांनी लोकांपुढे गायली. 1873 साली इंग्लंडच्या राणीनंही ती ऐकली. त्या पैशातून संस्थेची ज्युबिली हॉल ही इमारत झाली. ती आजही उभी आहे. पुढे त्यांच्यात सामील झालेला फ्रेडरिक लाउडिन 1884 पासून आपला संघ घेऊन जगभर फिरला आणि भारतातही येऊन गेला. राणीनं ती गीतं ऐकली त्याच 1873 साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. महाराष्ट्राचं आणि गुलामीतून सुटलेल्या त्या लोकांचं नातं इतकं जुनं आहे.

आपल्याकडे नागपूर विद्यापीठाला 2005 साली तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं त्याला जोडली गेली. या महाविद्यालयांत भजन म्हणणारी, रेला नाचणारी, खोल वाजवणारी मुलं एकाच बाकावर बसतात. त्यांचं एक मंडळ प्रत्येक महाविद्यालयात असावं, संध्याकाळी त्यांनी एकत्र म्हणावं आणि धान घरात आल्यावर जिल्ह्यातल्या गावांत जावं. लागणार काय, एक पेटी, चार-दोन खंजिऱ्या आणि एसटीचं भाडं. प्राचार्यांनी एवढं करावं. आणि वाचकहो, या हिवाळ्यात तुमच्या गावात कुठलंही मंडळ आलं, तर पहाटेच्या रामधुनीला घरातल्या पोरापोरींना सोबत घेऊन बाहेर पडा.