हातोडीचं तोंड

चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे आणि या दोन टोकांच्या मध्ये छत्रपती संभाजीनगरात फिटर, टर्नर, डेंटर, वेल्डर यांची वानवा नाही. अशा गावात राहून हातोडी कोणती घ्यावी हे कुणालाही विचारावंसं न वाटणं, ही माझी पहिली चूक. बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटी जन्मल्या. नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर सिडकोतल्या रो-हाउसच्या मागच्या पडवीत एक टेबल टाकलं, त्याला जुना वाइस बसवला आणि करवत, रंधा, पटाश्या यांची बऱ्यापैकी चौकशी करून खरेदी केली. हातोडीची चौकशी कशाला करायची? लोखंडाचा गोळा आणि दांडा!

दुकानदाराने पाव किलोची, अर्ध्या किलोची आणि किलोची अशा तीन पुढे ठेवल्या. मी किलोची उचलली. वजन जास्त म्हणजे घाव कमी लागतील, असा सरळ हिशेब. पहिलं काम निघालं ते दाराच्या चौकटीला पट्टी ठोकायचं. चौकट जुन्या सागवानाची, पार वाळलेली. खिळा निम्मा आत गेला की वाकायचा, न वाकला तर पट्टी चिरायची. दोष मी खिळ्यांना दिला आणि महागडे खिळे आणले. तेही वाकले.

शाळेत शिकलेलं तेव्हा आठवायला हवं होतं. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पाव किलोची हातोडी ज्या वेगाने सहज फिरते, त्याच्या निम्म्या वेगाने किलोची फिरवली तर दोन्हींची ऊर्जा सारखीच भरते. माझ्या मनगटाला किलोचं वजन धड निम्म्या वेगानेही पेलत नव्हतं. आठ-दहा घावांत हात भरून यायचा, डोकं खाली झुकायचं, तोंड तिरकं पडायचं आणि खिळा वाकायचा. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना सुरुवातीलाच सांगतात की खुणेच्या पंचावर मारायला 250 ग्रॅमची हातोडी घ्या. ती पोरं सतरा-अठरा वर्षांची असतात आणि त्यांचे दंड माझ्यापेक्षा चांगले असतात, तरीही.

पट्टी चिरण्याचा दोष मात्र हातोडीचा नव्हता. खिळ्याचं टोक आधी ठोकून जरा बोथट करायचं, म्हणजे ते लाकडाचे धागे फाकवत जाण्याऐवजी चेचत आत शिरतं. किंवा सरळ बारीक भोक पाडून घ्यायचं. हे शेजारच्या साइटवरच्या सुतारमामांनी कुंपणावरून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांना बघवेना.

ही चूक सुधारण्यासाठी मी दुसरी केली, ती संच घेण्याची. चकचकीत खोकं, आत लहान-मोठ्या हातोड्या ओळीने मांडलेल्या, रबरी मुठींच्या, निळ्या रंगात रंगवलेल्या. भेट म्हणून द्यायला उत्तम वस्तू. त्यातल्या खिळे उपटायच्या हातोडीचं एक शिंग दुसऱ्याच खिळ्याला निखळून हातात आलं. मोडलेल्या जागी करडे, खरबरीत दाणे दिसत होते. म्हणजे माल ओतीव. हातोडीचं डोकं घडीव पोलादाचं लागतं: तापवून, साच्यात ठोकून आकार दिलेलं, मग तोंड आणि मागची गाठ पाणी देऊन कडक केलेली आणि दांडा बसतो तो मधला भाग, ज्याला गाल म्हणतात तो, मुद्दाम नरम ठेवलेला. सगळंच कडक केलं तर पहिल्या चुकार घावाला भोकापाशी तडा जाईल. चांगल्या डोक्याच्या गालावर वजन कोरलेलं असतं. आपल्याकडे अशी घडीव हत्यारं काही दुर्मीळ नाहीत. नाशिकला सातपुरात तापरियाचा कारखाना आहे, जालंधर आणि नागौर तर हत्यारांचीच गावं. पण त्या दिवशी मी रंग पाहिला, गाल पाहिला नाही.

तोंडही पाहिलं नाही, आणि हे जास्त महागात पडलं. चांगल्या हातोडीचं तोंड सपाट वाटतं, पण मध्यभागी अगदी किंचित फुगीर असतं आणि कडा मारलेल्या असतात. त्यामुळे घाव जरासा तिरका पडला तरी कड कामात रुतत नाही. माझ्या संचातल्या एकीचं तोंड धारदार कडांचं होतं. तिने मी बनवलेल्या पहिल्या स्टुलावर जागोजागी चंद्रकोरी उमटवल्या. त्या अजून आहेत. नात त्यांना डिझाइन समजते.

आता कूलरची गोष्ट, कारण माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत शिकवणारी. मराठवाड्यात एप्रिल उजाडला की पत्र्याचा कूलर माळ्यावरून खाली येतो. आमच्याचा बाजूचा पत्रा खाली उतरवताना चेपला होता. माझ्याकडे आता बॉल पीन हातोडी होती, म्हणजे एका बाजूला सपाट तोंड आणि दुसऱ्या बाजूला गोल गाठ. खड्डा आहे, गोल गाठ आहे, जोड जमली! पत्रा फरशीवर पालथा टाकला आणि आतून गाठीने ठोकत सुटलो. खड्डा गेला. त्याच्या शेजारी टेंगूळ आलं. टेंगूळ बसवलं तर दोन हात पलीकडे पत्रा फुगला. दाबला की टक्‌ आवाज करून आत जायचा, सोडला की टक्‌ करून बाहेर. तासाभरात सबंध बाजू तव्यावरच्या पापडासारखी झाली.

मोंढा नाक्याजवळच्या एका डेंटिंगवाल्याकडे तो पत्रा घेऊन गेलो. त्याने तो उजेडाकडे तिरका धरला आणि विचारलं, "अंकल, इत्ता पिटाई किसने करा इसका?" मी म्हणालो, एका माणसाने. मग त्याने जे दाखवलं ते कुठल्या पुस्तकात वाचून कळलं नसतं. पत्रा खालच्या कठीण वस्तूवर टेकलेला असताना गोल गाठीचा घाव बसला, की त्या ठिपक्यापुरता तो दोहोंत चिमटला जाऊन पातळ होतो, आणि पातळ झाला म्हणजे पसरतो. लोहार लोखंड ताणतो ते याच तत्त्वावर. पण कूलरचा पत्रा चारी बाजूंनी दुमडलेला, त्याने पसरायचं कुठे? मग तो पोटात फुगतो. माझ्या प्रत्येक घावाने पत्र्याचं क्षेत्रफळ थोडं थोडं वाढत होतं, आणि मी तो वाढावा म्हणून जीव तोडून ठोकत होतो. त्याच्याकडची हातोडी हलकी, मोठ्या सपाट गुळगुळीत तोंडाची. दुसऱ्या हातात पोलादाची डॉली, ती पत्र्याच्या मागून धरायची. घाव डॉलीच्या थेट वर न मारता तिच्या जरा बाजूला, फुगलेल्या भागावर मारायचा. म्हणजे पत्रा चेंगरत नाही, फक्त हलतो. माझा पत्रा मात्र त्यालाही पूर्ण सरळ करता आला नाही. ताणलेलं परत आवळायला तापवून थंड करावं लागतं आणि एवढ्या पातळ, जस्त चढवलेल्या पत्र्यावर ते करायला त्याने नकार दिला. "उन्हाळा काढून घ्या," म्हणाला. काढला. टक्‌टक्‌ ऐकत.

बेअरिंगचं थोडक्यात सांगतो. पाण्याच्या मोटरीचं नवं बेअरिंग शाफ्टवर बसवताना मी पोलादी हातोडीने बाहेरच्या कड्यावर मारलं. सगळा मार गोळ्यांमधून आतल्या कड्यावर गेला, गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडले आणि मोटर सुरू केल्यावर घरघर आधीपेक्षा वाढली. जे कडं घट्ट बसायचं असतं त्याच्यावरच मार द्यायचा, तोही मापाची नळी मध्ये धरून किंवा नरम हातोडीने. मेकॅनिकने हे तीन शब्दांत सांगितलं: "ऐसा नक्को मारो." पटाशीचंही तसंच. लाकडी मुठीच्या पटाशीवर पोलादी हातोडी चालवली तर मूठ चिरते आणि तिला लाकडी मोगरी लागते, हे मी दोन मुठी चिरल्यावर मान्य केलं. एकीनंतरही करता आलं असतं.

एक चूक मात्र हसत सांगण्यासारखी नाही. जुन्या फळीखाली क्लॉ हातोडीची शिंगं घुसवली होती. ती पुढे जाईना, म्हणून किलोच्या हातोडीने तिच्या तोंडावर दणका घातला. पोलादावर पोलाद, दोन्ही पाणी दिलेली, दोन्ही ठिसूळ. एक कपची उडाली आणि चष्म्याच्या काचेवर आदळली. काचेवर खड्डा पडला. चष्मा वाचनाचा होता, म्हणजे त्या वेळी नाकावर असायचं काही कारण नव्हतं. काढायचा विसरलो होतो, म्हणून डोळा राहिला. हातोडीने हातोडीवर कधीही मारू नये. छिन्नीचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं फुललं असेल तर तेही ग्राइंडरवर घासून घ्यावं, त्या फुललेल्या कडाही अशाच उडतात. आता पडवीत संरक्षक चष्मा खिळ्यालाच टांगला आहे आणि तो घातल्याशिवाय नात आत येऊ देत नाही.

दांड्याचं मी काय काय केलं! इथल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि डोकं हलायला लागतं. मी हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचो. सकाळी घट्ट. दुपारी कामाला घेतली की तशीच. पुढच्या आठवड्यात आधीपेक्षा ढिली, कारण भिजून फुगलेलं लाकूड भोकाच्या लोखंडात स्वतःच चेपलं जातं आणि वाळल्यावर आणखी बारीक होतं. त्यातच एकदा हातोडी ड्रॉवरमध्ये मावेना म्हणून दांडा करवतीने कापला. ड्रॉवर छान बंद झाला. पण दांडा आखूड म्हणजे डोक्याचा फेरा लहान, वेग कमी आणि झटका थेट कोपरात. दीड महिना कोपर शेकत होतो.

हे सगळं निस्तरलं एका घिसाडी कुटुंबाने. रस्त्याकडेला पाल टाकून भाता पेटवलेला, नवरा सांडशीत कुऱ्हाडीचं पातं धरून बसलेला आणि समोर बायको उभी राहून घण घालत होती. तिचा घण माझ्या किलोच्या हातोडीच्या कितीतरी पट जड, तरी हात थकल्यासारखा दिसत नव्हता. ती घण उचलायची तेवढी. खाली तो आपल्या वजनानेच यायचा, ती फक्त वाट दाखवायची. माझी हातोडी तिने हातात घेऊन कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "काका, ह्याचं शेपूट कुणी तोडलं?" नवऱ्याने बाभळीचा नवा दांडा घातला. लाकडाच्या रेषा घावाच्या दिशेने उभ्या जातील असा धरून, आधी लाकडी पाचर आणि तिच्यावर आडवी लोखंडी. वर सांगितलं की पाण्यात घालू नका, डोकं जवसाच्या तेलात दोन दिवस ठेवा. घाण्यावरून पावशेर तेल आणलं. तो दांडा दोन उन्हाळे हललेला नाही.

किलोच्या हातोडीला शेवटी तिचं काम सापडलं. भिंतीत पाइपसाठी चर पाडायचा होता, आणि तिथे छिन्नीवर हलकी हातोडी नुसती उडते, मार आत जात नाही. वजनाचा उपयोग इथे आहे. अर्थात पहिल्या दिवशी मी दणादण मारून अख्ख्या भिंतीचं प्लास्टर पोकळ केलं. त्याच सुमारास पाहुण्यांना घेऊन वेरूळला गेलो होतो. सोळा नंबरचं कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं. पाहुणे हत्ती बघत होते. मी भिंतींवरचे छिन्नीचे चरे बघत होतो. कठीण काळा बेसॉल्ट, आणि चरे शेजारी शेजारी, उथळ, एका चालीत. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांनी एका घावात डोंगर हलवायचा प्रयत्न केलेला दिसत नव्हता. घरी येऊन छिन्नी तिरकी धरली, खपली खपली काढत गेलो. चर सरळ झाला.

आज भिंतीवर ज्या टांगल्या आहेत त्या अशा. 250 ग्रॅमची बॉल पीन, जी दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा हातात येते. अर्ध्या किलोच्या आसपासची क्लॉ, पण तिने मी फक्त ठोकतो. उपटायला आंबूर बरा, लाकूड कमी दुखावतं. छिन्नीसाठी ती किलोची. नायलॉनच्या तोंडाची एक, बेअरिंगला आणि जोड जुळवायला. शिवाय मोगरी, घिसाड्याच्या दांड्यातून उरलेल्या बाभळीची, घरीच तासलेली. अर्ध्या किलोची बॉल पीनही आहे, पण ती निव्वळ मोहाने घेतलेली. रविवारी जाफर गेटच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात दिसली, गालावरचं वजन घासून पुसट झालेलं, तोंड मात्र अजून फुगीर आणि एकही टवका न उडालेलं. निळ्या खोक्यातल्या भंगारवाल्याला किलोने दिल्या. भाव चांगला आला नाही.

लहान क्रॉस पीन अजून घेतलेली नाही. तिच्या मागच्या पातळ कडेने बारीक चुका बोटांच्या फटीतून सुरू करून देता येतात, आणि सुतारमामा दर वेळी ती घ्याच म्हणतात. तूर्त मी चुका जाड पुठ्ठ्याच्या कडेत खोचून धरतो, दोन टोले देतो आणि पुठ्ठा ओढून काढतो. आतापर्यंत बोटं शाबूत आहेत.