बंगाल्यांची पुस्तकजत्रा

आपल्याकडे पुस्तकांचे ‘प्रदर्शन’ भरते. बंगाली माणूस पुस्तकांचा ‘मेला’ भरवतो. बोई म्हणजे पुस्तक, आणि बोईमेला म्हणजे सरळसरळ पुस्तकांची जत्रा. हा फरक नुसता शब्दांचा नव्हे. प्रदर्शनात माणूस हात पाठीमागे बांधून, हळू आवाजात बोलत हिंडतो. जत्रेला तो म्हातारी आई, कडेवरचे पोर आणि रिकाम्या पिशव्या घेऊन येतो, खातो, भांडतो, चुकामूक झाली म्हणून ओरडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत मी आणि आमची सौ. कलकत्त्याला गेलो, ते हे सारे पाहायला. (कलकत्त्याचे कोलकाता झाले खरे, पण आमच्या पिढीच्या तोंडात जुनेच नाव बसले आहे.)

शियालदाहून मेट्रोत बसलो आणि करुणामयी स्थानकावर उतरलो. वाट कोणाला विचारण्याची गरजच पडली नाही. डबाच्या डबा तिथे रिकामा झाला आणि त्या लोंढ्याने आम्हांला सॉल्ट लेकमधल्या सेंट्रल पार्कात नेऊन सोडले. प्रवेशाला तिकीट नाही. पुस्तकावर दहा टक्के सूट. एवढ्याशा सवलतीसाठी इतकी माणसे कशाला येतील? तेवढी सूट तर कॉलेज स्ट्रीटवर बारा महिने मिळते! पण एका हंगामात वीस लाखांवर माणसे येऊन जातात, असे संयोजक सांगतात. फाटकापाशी तासभर उभे राहिल्यावर मला त्या आकड्याची शंका उरली नाही.

ही जत्रा १९७६ साली सुरू झाली. मध्यंतरी २०२१ साली महामारीमुळे ती भरली नाही. आम्ही गेलो ती अठ्ठेचाळिसावी. दरवर्षी एखादा देश पाहुणा असतो. आमच्या वर्षी जर्मनी होता. जत्रा जितकावी, तितके टोले देऊन ती सुरू करतात, म्हणजे टोल्यांवरूनच जत्रेचे वय कळावे.

तिचे मूळचे घर मात्र इथले नव्हे. कलकत्त्याच्या मधोमध जे विस्तीर्ण मैदान आहे, व्हिक्टोरिया स्मारकाचा पांढरा घुमट जिथून दिसतो, तिथे ती तीस वर्षे भरली. आमचे यजमान त्या मैदानाची आठवण काढताना अगदी माहेरवाशिणीसारखे हळवे होतात. तिथली धूळ, तिथली थंडी, ऑफिस सुटल्यावर ट्राममधून उतरून थेट पुस्तकांत शिरणे! १९९७ साली तिथेच आग लागली. त्या वर्षी फ्रान्स पाहुणा होता आणि उद्घाटनाला तत्त्वज्ञ जाक देरिदा आले होते. सुमारे लाखभर पुस्तके जळाली, धावपळीत एका माणसाचा मृत्यू झाला. यजमान दुसऱ्या दिवशी तिथे गेले, तेव्हा ओली, काळी पाने पायांखाली येत होती म्हणे. ‘पाय कुठे ठेवावा ते कळेना,’ एवढेच ते म्हणाले. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. त्या माणसाने त्या दिवशी किती नमस्कार करायचे? परंतु काही दिवसांतच मांडव पुन्हा उभे राहिले आणि जत्रा भरली.

आगीने जे झाले नाही, ते धुळीने केले. लाखो पावलांनी मैदानाचे गवत जाते, हवा बिघडते, असे म्हणून पर्यावरणवादी मंडळी न्यायालयात गेली आणि २००७ साली जत्रेला मैदान सोडावे लागले. २००८ साली पार्क सर्कसला सारा थाट मांडून झाला आणि ऐन उद्घाटनाच्या तोंडावर मनाई आली. २००९ पासून काही वर्षे बायपासजवळच्या मिलन मेळ्याच्या जागेत, आणि २०१८ पासून इथे. यजमानांच्या मते हा शुद्ध अन्याय. त्यांची कॉलेजात जाणारी नात मात्र फटकन म्हणाली, ‘दादू, पुस्तके हलवता येतात. मैदान हलवता येईल का?’ आजोबा काही बोलले नाहीत. मला विचाराल तर नातीचे बरोबर आहे. पण आजोबांचा चेहरा पाहून ते तिथे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

मोठ्या प्रकाशकांच्या मांडवांपुढे रांगा लागतात, त्यांविषयी लिहीत नाही. तेवढीच रांग तळलेल्या माशांपुढेही होती आणि आमची सौ. तिच्यात होती. मी रमलो तो लिट्ल मॅगझिनांच्या भागात. एकेक टेबल, त्यामागे संपादक स्वतः, आणि पुढ्यात त्याचा पन्नास-शंभर प्रतींचा संसार. या नियतकालिकांसाठी संदीप दत्त या गृहस्थांनी १९७८ साली आपल्या राहत्या घरातच ग्रंथालय उघडले. लिट्ल मॅगझिन विकत घेऊन वाचा, असा मजकूर डोक्यावरच्या कागदी टोपीवर मिरवत ते या जत्रेत हिंडत. २०२३ साली ते गेले. टेबले मात्र भरलेली होती.

मला एकच पुस्तक हवे होते: सखाराम गणेश देउस्करांचे ‘देशेर कथा’. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातला हा पुरुष बंगालीत लिहू लागला आणि १९०४ साली त्याने इंग्रजी राज्यात देश कसा नागवला गेला याचा हिशेबच मांडला. १९१० साली सरकारने ते पुस्तक जप्त केले. त्यांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी कविता लिहून दिली होती. बंगालात आजही नाव निघते आणि आपल्याकडे शंभरांतल्या नव्वदांना ते ठाऊक नाही! मामा वरेरकरांनी शरद्बाबूंना मराठीत आणले, तेव्हा आपल्या आज्यांनी त्या कादंबऱ्यांवर आसवे गाळली. पण आपलाच माणूस तिकडे गेला, त्याची चौकशी कोणी केली नाही.

चार मांडवांत नकार मिळाला. पाचव्यात एका वृद्ध विक्रेत्याने आतल्या गठ्ठ्यातून प्रत काढली. मी मराठी आहे हे कळताच त्याने ती लगेच हातात दिली नाही.

‘तुम्हांला बांगला वाचता येते?’

‘अक्षरे लावत लावत.’

‘मग सावकाश वाचा. सखारामबाबू मुळचे तुमचे, पण पुस्तक आमच्या भाषेत आहे.’

एवढे बोलून त्याने बिल केले आणि न मागता दहा टक्के वजा केले. परतीच्या गाडीत सौ.ने पिशव्यांची मोजदाद केली, तेव्हा बंगाली मुळाक्षरांचे एक बालपुस्तकही निघाले. ते तिनेच घेतले होते. खरगपूर यायच्या आत आमची ‘क’ पर्यंत मजल गेली होती.